उंचीवर नेणारे साधन, घडीचे, एक नग

ज्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, त्याने आयुष्यात शिडी विकत घेऊ नये. हे वाक्य मी पूर्ण विचारांती लिहीत आहे. पुस्तके घ्यावीत; ती मागणारे थोडे असतात. छत्री घ्यावी, ती हरवते आणि प्रश्न मिटतो. शिडी हरवत नाही. ती इमारतीत कुठेतरी असतेच, फक्त आपल्या घरात नसते.

मी ती घेतली पंखे पुसण्यासाठी. सहा पायऱ्यांची, ॲल्युमिनियमची, घडीची. ती घरात आली त्या संध्याकाळी खिडकीतले ऊन तिच्या पायऱ्यांमधून जमिनीवर पडले होते आणि त्या उजेडाच्या पट्ट्यांकडे पाहताना मला उगाचच उदास आणि बरे वाटत होते. मी आईला तसे म्हणालोही.

"पट्ट्या बघत बसू नकोस. पंखा पूस," आई म्हणाली.

पंखा पुसला गेला नाही, कारण तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या होत्या. शिडी रिक्षातून उतरताना त्यांनी गॅलरीतून पाहिली होती.

"उद्या सकाळी परत देते हो," असे म्हणून त्यांनी शिडीचे एक टोक उचललेसुद्धा. दुसरे टोक मी उचलून त्यांच्या घरी पोचवले. नकार देण्याची माझी इच्छा होती. परंतु नकार माझ्या मनातून निघतो तेव्हा ठाम असतो, घशाशी येईपर्यंत त्याचा धीर सुटतो, आणि ओठांवर तो येतो तेव्हा त्याचे "न्या ना, काकू" झालेले असते.

महिनाभरात शिडीने सगळी इमारत पाहिली. एकदा मला बल्ब बदलायचा होता म्हणून मी मजल्या-मजल्यावर तिचा शोध घेतला. ती तिसऱ्या मजल्यावर एका आजोबांच्या न्हाणीघरात सापडली. तिच्यावर त्यांचे धुतलेले कपडे वाळत होते. मी आजोबांची क्षमा मागितली, कपडे वाळल्यावर सवडीने सांगा असे म्हटले, आणि अंधारात राहायला परत गेलो.

या अवस्थेत भावोजी आले. भावोजी म्हणजे ताईचे यजमान. ज्या विषयातले त्यांना कळत नाही असा विषय अजून निघालेला नाही.

"तुझा प्रॉब्लेम शिडी नाहीये. तुझा चेहरा आहे," ते म्हणाले. "तुझ्या चेहऱ्यावरच लिहिलंय, घेऊन जा म्हणून. हे बघ, आता शेअरिंगचा जमाना आहे. लोक आपल्या वस्तू ॲपवर टाकतात. ज्याला हवी तो वेळ बुक करतो, नेतो, वेळेत आणून देतो. कुणी दारात आलं की तू फक्त म्हणायचं, ॲपवर बघा. नाही म्हणायचं काम ॲपचं."

शेवटचे वाक्य माझ्या काळजाला भिडले. लोक अशा ॲपवर मिळकतीसाठी जातात असे ऐकून होतो. मी गेलो तो केवळ एका आशेने, की कुणीतरी माझ्या वतीने, माझ्या अपरोक्ष, सभ्य भाषेत नकार देत राहील आणि मी आत पुस्तक वाचत बसेन. शिडीच्या माहितीत मी लिहिले, "स्वभावाने स्थिर. एकांतात विशेष खुलते." भावोजींनी ते पुसून "मजबूत, सहा पायऱ्या" असे लिहिले.

काकूंना ॲपची कल्पना मुळीच पटली नाही.

"आम्ही आता मोबाईलमधून शिडी घ्यायची का रे? लहानपणी तुला तासन्‌तास कडेवर घेऊन हिंडले, तेव्हा तुझ्या आईनं कुठे बुकिंग केलं होतं?"

मी शिडीचे दुसरे टोक उचलले.

म्हणजे झाले असे, की इमारतीतले लोक ॲपला न जुमानता शिडी नेत राहिले आणि ॲपमुळे परके लोकही येऊ लागले. पूर्वी माझी शिडी एका इमारतीत बेपत्ता असे, ती आता सबंध शहरात बेपत्ता राहू लागली. त्यातच लोक आम्हाला गुण देऊ लागले. शिडीला पाचपैकी साडेचार पडत, मला दोन. एका अनोळखी गृहस्थाने सर्वांना वाचता येईल असे लिहून ठेवले होते, "शिडी उत्तम. मालक दार उघडतो आणि जमिनीकडे बघतो." मला याचा अतिशय राग आला. मी जमिनीकडे बघतो हे खरे आहे. पण त्या जमिनीवर त्याच्या चिखलाच्या बुटांचे ठसे होते, हे त्याने का लिहिले नाही?

पंधरा दिवसांनी आमच्या इमारतीचे सेक्रेटरी आले. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून ते इमारत कार्यालयासारखी चालवतात आणि जिन्यात भेटले तरी विषय काय असे विचारतात.

"तुमच्याकडे धंदा चालतो अशी तक्रार आहे."

"धंदा नाही काका, शिडी आहे."

"ॲपवर आहे ना? मग नोंदणी केलीत का? वाटून वापरायच्या वस्तूंचे नवीन नियम आलेत. उद्या विचारणा झाली तर मी काय दाखवू? तुमचा चेहरा?"

माझ्या चेहऱ्याविषयी लोकांना एवढे बोलावेसे का वाटते, हा स्वतंत्र विषय आहे.

नोंदणीचे कार्यालय एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होते. दारावर 'सामायिक वापर कक्ष' अशी पाटी होती. टेबलामागच्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवून विचारले, "काय शेअर करता?"

"शिडी."

त्यांनी यादीवरून बोट फिरवले. "गाडी आहे, खोली आहे, सायकल आहे, शिवणयंत्र आहे. शिडी नाही."

मला क्षणभर वाटले, सुटलो. पण त्या विचार करीत होत्या.

"शिडीवर माणूस चढतो?"

"हो."

"चढला की वर जातो?"

"जातो."

"मग 'उंचीवर नेणारी साधने'. क्रेन आणि लिफ्टच्या खाली लिहिते तुम्हाला."

तो अर्ज क्रेनसाठीच केलेला असावा. चालकाचे नाव, या रकान्यात मी 'जो चढेल तो' असे लिहिले. 'साधन मध्येच बंद पडल्यास अडकलेल्या व्यक्तीच्या सुटकेची योजना' या रकान्यात बराच वेळ विचार करून लिहिले, 'हाक मारेल.' बाईंनी ते वाचून लाल रेघ मारली.

"तोंडी योजना चालत नाही. हा रकाना रिकामा ठेवा, पाहणीला माणूस येईल तो बघेल."

"त्यापेक्षा मी शिडी ॲपवरून काढूनच टाकतो," मी म्हणालो.

"आता नाही काढता येणार. अर्ज आत आलाय. वस्तू वापरातच नसेल तर पाहणी कशाची करायची?"

"मग अर्ज मागे घेतो."

"घ्या की. मूळ जन्मदाखला आणा."

माझा मूळ जन्मदाखला, माझ्या गुणपत्रिका, पदवी, आजवर मी जन्मलो आणि शिकलो याचे सगळे पुरावे एका पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. ती ट्रंक आईने मागच्या वर्षी मोरीच्या दारावरच्या माळ्यावर टाकली. "तिथे सुरक्षित राहील," असे ती म्हणाली होती आणि ते अक्षरशः खरे ठरले. माळ्यावर जायला शिडी लागते. शिडी त्या दिवशी शहरात कुठेतरी होती.

तरीही मी निराश नव्हतो. जन्मदाखल्याची घाई नव्हती. घाई झाली ती बुधवारी, पत्र आले तेव्हा.

मी एका सार्वजनिक ग्रंथालयात चार वर्षे हंगामी सहायक आहे. दर अकरा महिन्यांनी मला एका दिवसापुरते कामावरून कमी करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतात. त्या एका दिवशी मी रस्त्यापलीकडच्या बाकावर बसून खिडकीतून माझी रिकामी खुर्ची पाहत असतो. पत्रात लिहिले होते की माझा कायम नेमणुकीसाठी विचार झाला आहे. सर्व मूळ प्रमाणपत्रे शुक्रवारी सायंकाळी पाचपर्यंत मुख्य कार्यालयात स्वतः हजर राहून दाखवावीत. न दाखवल्यास यादीतील पुढच्या उमेदवाराचा विचार होईल. पुढचा उमेदवार मला माहीत होता. तो पुस्तकाची पाने थुंकी लावून उलटतो.

मी ताबडतोब टेबलावर स्टूल ठेवले, स्टुलावर मी चढलो आणि हात लांब केले. बोटांची टोके ट्रंकेला लागली आणि तिला आणखी वीतभर आत ढकलून परत आली.

"उतर खाली. नोकरीआधी पाय जाईल," आई म्हणाली.

मी मोबाईल काढून ॲपवर माझी स्वतःची शिडी मागितली. ॲपने सभ्य भाषेत नकार दिला. मी ज्या नकाराची इतके दिवस वाट पाहत होतो, तो त्याने पहिल्यांदा दिला तो मला. "देणारा व घेणारा एकच असू शकत नाही," असे लिहून आले, आणि खाली, "आपल्या जवळची दुसरी शिडी शोधत आहोत." पाच मिनिटे शोधून त्याने एक शिडी दाखवली. ती माझीच होती.

मी काकूंना विचारले, इमारतीत आणखी कुणाकडे शिडी आहे का.

"दुसरी कशी असेल? तुझी असताना कोण कशाला घेईल?" काकू म्हणाल्या.

नवी आणावी असे सुचवताच आई म्हणाली, "एक आहे ना घरात?"

मला किंचाळावेसे वाटले. मी पुस्तक उघडून बसलो.

गुरुवारी सकाळी कामावर जाताना मला शिडी भेटली. ती आमच्याच जिन्यात होती. सेक्रेटरींनी जिना रंगवायला काढला होता, आणि रंगाऱ्याने ती ॲपवरून शनिवारपर्यंत रीतसर घेतली होती. तो तिच्या पाचव्या पायरीवर उभा राहून भिंतीला फिकट पिवळा रंग देत होता. माझ्या शिडीवर ठिकठिकाणी पिवळे थेंब उडाले होते. मी तिथे इतका वेळ थेंब मोजत राहिलो की शेवटी त्यानेच विचारले.

"काय साहेब, रंग आवडला नाही का?"

"ही शिडी माझी आहे," मी म्हणालो.

"तुमचीच आहे. पण शनिवारपर्यंत माझ्या नावावर आहे," तो म्हणाला. मग माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. "काय काम आहे?"

मी सांगितले. त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"नियमात दुसऱ्याला द्यायची नाही असं आहे. माझं खातं बंद होईल. पण नोकरीचं आहे म्हणताय... उद्या साडेतीनला मी चहाला जातो. तासभर. तेवढ्यात उरका, मी काही बघितलं नाही."

या सर्व प्रकरणात मला भेटलेला हा एकच समंजस माणूस. स्वतःच्या शिडीसाठी मी त्याचे दोन वेळा आभार मानले.

शुक्रवारी साडेतीनला मी शिडी घरात आणली, मोरीच्या दारापाशी उभी केली आणि माळ्यावर चढलो. तिथे बसता येत होते, उभे राहता येत नव्हते. धुळीचा एक जुना, शांत वास होता. खालचे आवाज दुरून आल्यासारखे येत होते. मी ट्रंक उघडली. सगळ्यात वर माझी पहिलीची गुणपत्रिका होती आणि तिच्यावर बाईंनी लिहिले होते, 'हुशार आहे पण बोलत नाही.' मी ती हातात धरून थोडा वेळ बसलो. बसायला नको होते. कारण तेवढ्यात बेल वाजली.

"सामायिक वापर कक्षातून आलोय. साधनाची पाहणी," असा आवाज आला.

मी माळ्यावरून डोके बाहेर काढले. खाली सडपातळ, नीटनेटके, काखेत फाइल धरलेले निरीक्षक उभे होते. त्यांच्या मागे सेक्रेटरी होते. बेल ऐकून काकूही आल्या होत्या.

"आपण वर काय करताय?" निरीक्षकांनी विचारले.

"कागद काढतोय."

"साधन आज कुणाच्या नावावर आहे?"

"रंगाऱ्याच्या."

"आणि चढलंय कोण?"

"मी."

"म्हणजे मालक."

"हो."

निरीक्षकांनी फार वाईट बातमी ऐकल्यासारखे डोळे मिटले. "दुसऱ्याच्या बुकिंगमध्ये मालकानं स्वतः वापर. सुटकेच्या योजनेचा रकाना रिकामा. या क्षणापासून साधनाच्या वापरास मनाई करतो आहे. पंचनामा होईल, सील लागेल. हे दोघं पंच."

"पण मला उतरायचंय. पाचच्या आत हजर व्हायचंय," मी म्हणालो.

"उतरणं हासुद्धा वापरच आहे."

"अहो, तो काय माळ्यावर संसार करणार आहे का?" आई म्हणाली.

"सुनावणी सोमवारी आहे, बाई. तिथे अर्ज करा."

काकू म्हणाल्या, "ट्रंकेत चादर असेल बघ, अंथरायला." सेक्रेटरींनी सल्ला दिला की मी कागद खाली टाकावेत आणि त्यांनी ते कार्यालयात नेऊन द्यावेत. स्वतः हजर राहायचे आहे हे मी तीनदा सांगितले. "मग फोटो टाक बरोबर," काकू म्हणाल्या.

निरीक्षक लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले. "साधनाचा क्रमांक कुठे आहे?"

"सगळ्यात वरच्या पायरीवर," मी म्हणालो. मी खोटे बोलत नाही, ही माझी दुसरी अडचण आहे. "मी वाचून दाखवतो."

"संबंधित व्यक्तीचं वाचन चालत नाही." त्यांनी फाइल सेक्रेटरींकडे दिली, बूट काढून बाजूला जोडीने ठेवले आणि चढू लागले.

"साहेब, आता तुम्ही चढताय तो वापर नाही का?" आईने विचारले.

"ही तपासणी आहे."

चौथ्या पायरीवर त्यांनी खाली पाहिले. पुढे जे झाले त्याला नियमांत कलम नसावे. त्यांचा चेहरा फिकट पडला आणि त्यांनी दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारली. त्यांचे डोके माझ्या डोक्यापासून हातभर अंतरावर होते.

"साहेब, उतरा," सेक्रेटरी म्हणाले.

"पाय हलत नाहीये," निरीक्षक अगदी हळू म्हणाले. ते फक्त मलाच ऐकू गेले.

घड्याळात सव्वाचार झाले होते. मुख्य कार्यालय पायी वीस मिनिटांवर होते. मी वर, ते मध्ये, जमीन खाली. माझी कायमची नोकरी एका घाबरलेल्या माणसाच्या दोन गुडघ्यांवर येऊन ठेपली होती. मला त्यांचा संताप आला होता. पण ज्या स्वरात ते बोलले, तो स्वर माझ्या फार ओळखीचा होता. सगळ्यांदेखत पाय हलेनासा होणे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायला नको होते.

"खाली बघू नका. माझ्याकडे बघा," मी म्हणालो. "उजवा पाय सोडा. नाही, हा डावा आहे. असू द्या, डावाच. पायरी लागली? आता हात एक खाली. कुणी काही बोलू नका, काकू. घाई नाही."

घाई होती. मी खोटे बोललो. आयुष्यात मी एखाद्याशी सलग इतका वेळ बोललो नव्हतो, आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून तर कधीच नाही. एक पायरी, मग दुसरी. निरीक्षकांचे पाय जमिनीला टेकले तेव्हा चार वाजून तेहतीस मिनिटे झाली होती. आईने त्यांना पाणी दिले. ते प्यायले, रुमालाने कपाळ टिपले, बूट घातले, फाइल परत घेतली, पिशवीतून डिंकाची बाटली आणि 'वापरास मनाई' असे छापलेली कागदी पट्टी काढली, आणि खालच्या पायरीपाशी वाकले.

"नाही."

सगळ्यांनी इकडेतिकडे पाहिले. कोण बोलले ते कुणाला कळले नाही. मलाही क्षणभर कळले नाही.

"काय म्हणालात?" निरीक्षकांनी वर पाहिले.

"नाही म्हणालो. पट्टी लावायची नाही. आधी मी उतरतोय."

"अरे, पंचनामा अर्धवट आहे. सही करायला लागेल तुला," सेक्रेटरी म्हणाले.

"नाही काका. मी सही करणार नाही."

"आवाज कसा चढलाय बघा पोराचा," काकू म्हणाल्या.

"मालकानं विरोध केला असं मला लिहावं लागेल," निरीक्षक म्हणाले.

"लिहा. मोठ्या अक्षरात लिहा." मी कागदांची पिशवी दातांत धरली आणि उतरलो. सहाही पायऱ्या वापरल्या.

जिन्यात चहा पिऊन परतणारा रंगारी भेटला. "झालं काम? शिडी मोकळी?" त्याने विचारले. "तिला मनाई झाली," एवढेच मी धावता धावता सांगू शकलो. "मग वरची भिंत काय उडी मारून रंगवू का?" हा त्याचा प्रश्न रास्त होता आणि तो माझ्यामागे दोन मजले ऐकू येत राहिला.

मुख्य कार्यालयाच्या खिडकीशी मी पोचलो तेव्हा पाचला सहा मिनिटे कमी होती. माझ्या केसांत जळमटे होती आणि शर्टाला ओला पिवळा रंग लागला होता. खिडकीमागच्या कारकुनाने एकेक कागद उलटून पाहिला, यादीत माझ्या नावापुढे खूण केली आणि सगळे कागद एकत्र करून आपल्या खणात सरकवले.

"मूळ प्रती आठ-दहा दिवस राहू द्या आमच्याकडे. सगळ्यांच्याच ठेवून घेतो. सावकाश परत मिळतील."

सावकाश हा शब्द मला ठाऊक आहे. काकूंच्या 'उद्या सकाळी'चा तो सख्खा भाऊ आहे. यादीतले माझे नाव त्याच्या पेनाखाली होते. ते खोडायला त्याला एक रेघ पुरली असती.

"नाही," मी म्हणालो. "बघून झालेत ना, आत्ताच परत द्या."

त्याने मान वर केली. आता आकाश कोसळेल म्हणून मी खिडकीची कड घट्ट धरली. तो माझ्याकडे पाहत राहिला, मग त्याने घड्याळाकडे पाहिले.

"बरं," तो म्हणाला. त्याने शिक्का उचलला, यादीत माझ्या नावापुढे 'मूळ प्रती पाहिल्या' असा ठोकला, खण उघडला आणि सगळे कागद माझ्या हातात दिले. "सोमवारी नेमणुकीचं पत्र घेऊन जा."

मी तिथून हललो नाही. मला आनंद व्हायला हवा होता आणि तो झालाही असेल. पण त्या क्षणी मला आला तो संताप. 'नाही' म्हटल्यावर समोरचा माणूस 'बरं' म्हणतो, एवढेच होते तर! सत्तावीस वर्षे झाली मला. शाळा झाली, कॉलेज झाले, आई आहे, ताई आहे, सर्वज्ञ भावोजी आहेत, इमारतभर काकू आणि काका आहेत, आणि यांच्यापैकी एकाही माणसाला हे मला सांगावेसे वाटले नाही.

"अजून काही राहिलंय का?" कारकुनाने खिडकी लावता लावता विचारले.

राहिलेले इतके होते, की कुठून सुरुवात करावी ते मला कळेना.